खाकीला काठ नसतो

हुकूम आला तो कानडीत.
सोसायटीच्या भिंतीवर चिकटवलेला, खळ अजून ओली.
मला अक्षरं लागतात, अर्थ उशिरा लागतो.
शिवक्कानं वाचून दाखवला:
यापुढे कंडक्टर, लाइनमन, दवाखान्यातले शिपाई,
सगळ्यांच्या अंगावर जिल्ह्यातलंच कापड. सुती.
सूत सौंदत्तीकडच्या काळ्या रानातल्या कापसाचं.

खासबागेत त्या दिवशी चहाचे पैसे कुणी घेतले नाहीत.

चौतीस वर्षं मी काठ विणलेत.
सासरे म्हणायचे, काठ सांभाळ,
अंग आपोआप सांभाळलं जातं.
आणि आता ही खाकी,
या कडेपासून त्या कडेपर्यंत
नांगरून सोडून दिलेल्या रानासारखी.
पहिले दोन दिवस हात सवयीनं
लाल कांडी शोधत राहिला.
शिवक्का हसली, "सीमाभागातली तू,
आणि काठ नाही म्हणून रडतीस?"

ती मागाला मग्ग म्हणते.
एका ग चा फरक, आणि मधे एकच भिंत;
तिचा धोटा थांबला की माझ्या पाठीला कळतं.

निंगाप्पा लाइनमन आला भर दुपारी,
माप द्यायच्या आधी कापड बघायचं म्हणून.
कॉलर ओढून खांदा दाखवला:
तळहाताएवढी कातडी, चकचकीत.
"ठिणगी पडली वैनी. शर्ट पेटला न्हाई, इतळला.
चिमट्यानं काढाय लागला डाक्टर,
कापड कुठलं नि मी कुठला, त्याला कळंना."

मी दोरा तोडला, काडी लावली.
जळला. राख झाली. फुंकली, गेली.
तो माझ्या बोटांकडे बघत राहिला बराच वेळ.
"असलं जळणारं द्या," म्हणाला.

बिल तीन महिने अडकलं.
तपासणीला आलेल्या साहेबाच्या अंगात टेरिकॉट होतं,
तो कापड दोन बोटांत धरून म्हणाला, सुरकुत्या पडतात.
पडतात की.
आणि पहिल्या धुण्यात पँटी आटल्या;
डेपोतले कंडक्टर घोटे दाखवत तिकिटं फाडत होते,
वडगावच्या स्टॉपवर पोरं खिदळली.
मी सांगितलेलं, दोन बोटं जास्त धरा.
फॉर्मवर दोन बोटांना रकाना नव्हता.

काल संध्याकाळी लाइट गेली.
सगळे माग एकदम गप्प;
इतके, की कुणाच्या तरी घरात
भाकरी थापल्याचं ऐकू आलं.
खांबावर कुणीतरी. निंगाप्पाच असेल.
अंधारात खाकी तेवढी जराशी वेगळी.

नवव्या ताग्यात दोरा तुटलेला, मी गाठ मारलेली.
ती कुणाच्या पाठीवर गेली, ठाऊक नाही.
इथून दिसणारही नाही.

खालून विचारलं, "उकडतंय काय हो?"
त्याला भलतंच ऐकू गेलं.
"बंतु, बंतु!" तो ओरडला,
आणि भिंतीपलीकडे
शिवक्काचा मग्ग
माझ्या आधी सुरू झाला.