नाडी

शंभर वर्षं झाली, कंपनीचा इतिहास लिही, म्हणाले.
गुळगुळीत कागद, चौसष्ट पानं, पहिल्यावर संस्थापक.
मी पगारपत्रकं सांभाळणारा. माझ्यापाशी होती
फक्त नावं, तास
आणि उशिरा आल्याबद्दल कापलेली नाणी.

सुरुवात बुटाच्या नाडीपासून.
ऱ्होड आयलंड. नदीकाठी विटांची इमारत,
जर्मनीहून जहाजानं आलेली बारा गोफयंत्रं,
क्वेबेकहून आगगाडीनं आलेल्या मुली,
ज्यांना इंग्रजीत फक्त 'हो' म्हणता यायचं.
रिळं एकमेकांना चुकवत पळायची,
आतून बाहेर, बाहेरून आत,
खांबाभोवती गोफ विणावा तशी,
आणि वर, अगदी मधोमध,
नाडी निघत राहायची, वीतभर, हातभर, मैलभर.
टोकाला पत्र्याची टोपी बसवायला
दहा वर्षांची पोरं. त्यात माझा आजा, नार्सिस पेलोकँ.
हजेरीत वय चौदा लिहिलंय. अक्षर मुकादमाचं.

पुढं बायकांच्या कमरा मोकळ्या झाल्या,
कॉर्सेटची फीत कुणी घेईना.
मालक डगमगले नाहीत. दिव्यांच्या वाती काढल्या,
पडद्यांचे गोंडे, मासेमारीची दोरी,
इस्त्रीच्या वायरीवरचं सुती कवच.
'सूत गरीब असतं, ओढाल तिकडे येतं,'
असं थोरले लडलोसाहेब म्हणत.
संपाच्या साली नाही आलं.
अकरा आठवडे फाटक बंद, चर्चच्या तळघरात सूप.
छापील इतिहासात त्याला दीड ओळ आहे.
मी सहा लिहिल्या होत्या.

युद्धात पॅराशूटच्या दोऱ्या.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे;
ही पोरं सुतावरून स्वर्गातून खाली यायची.
माझी आत्या ओझेली तेव्हा सतरा नंबरच्या यंत्रावर.
एक धागा चुकला तर सगळी गुंडाळी कापून टाकायची,
मुकादम ओरडला तरी, दंड झाला तरी.
तिचा नवरा लुडजेर कुठल्याशा पाण्यावर पडला,
छत्री उघडलीच नाही.
कंपनीनं पत्र पाठवलं, सहानुभूतीचं, दोन परिच्छेदांचं.
दुसऱ्या परिच्छेदात: चौकशी केली, दोरी आपली नव्हती.

मग मोटारींचे पट्टे. विजेची पांघरुणं.
पंचावन्नचा पूर, पिंपांमधला रंग नदीत,
तीन दिवस गावाबाहेरचा बंधारा जांभळा.
मग यंत्रं ट्रकवर चढली, आधी कॅरोलायनाला,
नंतर आणखी दक्षिणेला, जिथं मुलींना
पुन्हा फक्त 'हो' म्हणता येतं.

इथं उरली एक खोली. पांढरे झगे, डोक्याला टोपी,
हवेतली धूळसुद्धा मोजतात.
तिथं पॉलिएस्टरची नळी विणतात, अंगठ्याएवढी जाड,
पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली
तर तिच्या जागी शिवायला.
'वस्त्रोद्योगाकडून जीवनाकडे', असं मुखपृष्ठावर आहे.
ते मी लिहिलेलं नाही.

मार्चमध्ये आत्याला तीच नळी बसवली.
शुद्धीवर आल्यावर पाणी मागायच्या आधी
तिनं विचारलं, कुठल्या लॉटची?
मी कचेरीत जाऊन नोंद काढली.
यंत्र नवं, जागा जुनी. सतरा नंबर.
शुक्रवार, दुसरी पाळी.

आत्यानं डोळे मिटले.
'शुक्रवारच्या मालावर
माझा कधीच भरवसा नव्हता.'

नर्सनं तिचं मनगट धरलं,
घड्याळाकडे बघत मोजू लागली.
आत्याही ऐकत होती, मान जराशी कलती करून,
सेहेचाळीस वर्षांच्या सवयीनं,
एखादं रीळ चुकतंय का ते.