पट्टा

तोर्सहाऊनच्या इस्पितळात, तळमजल्याच्या
खिडकी नसलेल्या खोलीत
रात्रपाळीला बसते सुन्वोर.
समोर पडद्यावर अठरा बेटं,
बेटांवर दोनशे सहा हिरवे ठिपके,
एकेका ठिपक्यात एकेक माणूस झोपलेला.

डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणतात ना,
ती थेंब घालते, दर दोन तासांनी;
पडद्याच्या उजेडाने डोळे कोरडे पडतात.

कुणाचं वजन रात्रीत दोन किलोंनी वाढलं:
पायांत पाणी उतरलं असणार.
कुणाची साखर तीनला खाली, सव्वातीनला वर:
म्हणजे बाई उठली, चमचाभर जॅम खाल्ला,
पुन्हा पांघरुणात गेली.
बाईचं नाव माहीत आहे, चेहरा नाही.

फुग्लोय बेटावरचा हानुस.
वय त्र्याऐंशी. बायको नाही. हृदय
एक तृतीयांश कामावर, बाकीचं रजेवर.
रोज चार हजार पावलं चाला, असं डॉक्टरने सांगितलेलं.

ऑक्टोबरात त्याचा आलेख अचानक उठला.
पहाटे पाचला नाडी एकशे तीस,
पावलं अकरा हजार,
आणि तीही कड्याच्या वाटेवर, जिथे
मेंढ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात.
डॉक्टरने शेरा मारला: उत्तम प्रगती.
सुन्वोरने फोन लावला.

"हानुस, कड्यावर गेला होतात?"
"मी? मी चहाचं पाणी ठेवतोय."
"मग ही अकरा हजार पावलं?"

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग कुणीतरी कान फडफडवले.

"चार हजार म्हणालात. कुणी चालायची
ते कुठे म्हणालात?
घरात ज्याला हौस आहे त्याला बांधला पट्टा.
काटूर त्याचं नाव. मेंढ्या बघतो."

हात दाखवून अवलक्षण नको, म्हणून
म्हाताऱ्याने हातच काढून घेतला होता.

नियम असा की हे वर कळवायचं.
तिने लिहिलं: उपकरण सैल. सूचना दिली.
दोन आठवडे आलेख म्हाताऱ्यासारखा वागला,
मग पुन्हा अकरा हजार.
तिने पाहिलं, आणि
दर मंगळवारी स्वतःच फोन करू लागली.
हवा कशी आहे, एवढंच विचारायची.
श्वास कुठे तुटतो ते ऐकायची.

जानेवारीत तीन दिवस धुकं.
हेलिकॉप्टर पंख मिटून जमिनीवर.
चौथ्या पहाटे पाच वाजले,
नाडी शहात्तर. पावलं शून्य.
साडेपाच. शून्य.
अलार्म नाही. वाजेल कशाला?
यंत्राच्या हिशेबी एक आजारी म्हातारा
अखेर शहाण्यासारखा पडून होता.
ठिपका इतका हिरवा कधीच नव्हता.

पण मेंढ्यांचा कुत्रा पाचनंतर झोपत नाही.

सुन्वोरने शेजारच्या मार्युनला उठवलं.
झोपायच्या झग्यावर रबरी बूट चढवून
मार्युन धुक्यातून चाचपडत गेली,
दार ढकललं.
जिन्याच्या पायथ्याशी हानुस, खुबा मोडलेला,
बोटं निळी,
आणि त्याच्या छातीवर सगळं वजन टाकून
काटूर.
मार्युनने हाक मारली तरी उठला नाही.
शेपटीचं टोक तेवढं हललं.

दुपारी बोट आली. म्हातारा वाचला.

नंतर एक फॉर्म भरायचा होता.
धोक्याची सूचना कोणी दिली?
रुग्ण, नातेवाईक, उपकरण: एकावर खूण करा.
तिने पेन बराच वेळ तसंच धरलं.
मग कॉफी आणायला गेली.
तो रकाना अजून कोरा आहे.

आता हानुस तिसऱ्या मजल्यावर आहे,
पट्टा स्वतःच्या मनगटावर, नाईलाजाने.
पाळी संपवून ती पहिल्यांदाच वर गेली.
नाक तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं निघालं.
त्याने तिला आवाजावरून ओळखलं,
आणि पहिलं वाक्य तक्रारीचं:
"माझ्यावर सगळे बघताहात.
त्याची नाडी आता कोण बघतंय?"

तिने फोनवर मार्युनने पाठवलेला फोटो काढला.
ओलं गवत, सात मेंढ्या, मागे समुद्र.
काटूरच्या गळ्यात काही नाही.
केसांत पट्ट्याचा वळ तेवढा
अजून बुजायचा आहे.