टोपी कुठाय

म्हापशाला शुक्रवारी पहाटे
बाबा चटई अंथरतात, तिच्यावर अकरा आडोळ्या.
तुम्ही विळी म्हणाल.
पाट फणसाचा, पातं ट्रकच्या पाट्याचं;
खाणी थांबल्यापासून डिचोलीत
असलं पोलाद वजनावर मिळतं.

मी पणजीहून आले कॉलेजची फाइल घेऊन.
एकेका गोष्टीला दोन दोन प्रश्न:
असेल तर कसं वाटेल,
नसेल तर कसं वाटेल.
मग पाचातल्या एका खणात खूण.
आवडेल. असायलाच हवं. फरक पडत नाही.
चालवून घेईन. नाही आवडणार.
बाबा म्हणाले, विचार,
पण गिऱ्हाईक उन्हात उभं ठेवू नकोस.

पहिली आसगावची फिलोमेना बाय.
आडोळी डुगडुगली नाही तर कसं वाटेल?
तिने असं बघितलं, जसं काही मी विचारलं,
विहिरीत पाणी असलं तर चालेल ना?
"न डुगडुगण्याचे वेगळे पैसे द्यायचे काय?"
आणि डुगडुगली तर?
"तर पुढच्या शुक्रवारी तुझ्या बापाच्या डोक्यात."
चाळीस वर्षं बाबांच्या पाटाचे पाय
जमीन धरून बसलेत.
त्याबद्दल कुणी त्यांना चहा पाजलेला नाही.

धारेचं सरळ होतं.
खानावळवाले गुरुदास साळकर, रोजचे साठ नारळ.
पात्याला नख लावलं: पन्नास जास्त देतो.
दुसरीवर नख घसरलं: पन्नास कमी कर.

घडीचं पातं माझी कल्पना.
शिवोलीत भाड्याने राहणाऱ्या बेंगळुरूच्या मुलीने
दोन उचलल्या, फोटोही काढला.
शिरसईच्या सत्यवतीबायनी पातं मिटलं,
उघडलं, पुन्हा मिटलं, खाली ठेवलं.
"घरात वाकणारी माणसं पुष्कळ आहेत, बाय.
आडोळी तरी ताठ असू दे."
एकच बिजागरी, दोन टोकांचे खण.

आणि टोपी.

सहा वर्षांपूर्वी शेजारच्या पोराची टाच
खवणीच्या दातांवर फाटली.
त्या रात्री बाबांनी करवंटी घासत घासत
दातांवर बसेल एवढी वाटी केली.
कुणी मागितली नव्हती. किंमतही लावली नाही.
पहिल्या शुक्रवारी बायका ती काढत, घालत,
पलीकडच्या मिरचीवालीला हाका मारत;
एकीने बोटात घालून नवऱ्याला दाखवली.
अकराच्या अकरा दहाच्या आत संपल्या.

यंदा विचारलं, टोपी असेल तर?
"असतेच की."
नसेल तर?
नाही आवडणार. नाही आवडणार.
नाही आवडणार, हे काय विचारणं झालं?

दुपारी पाव आणि मिरचीभजी खाताना मी म्हटलं,
बाबा, टोपी घसरली. वरच्या खणातून खाली आली.
ते भज्याचं तेल कागदाला पुसत म्हणाले,
"खाली नाही गो. घरात गेली."

रंगाचा हिशेब शेवटी काढला.
तीन हात लाख, आणि पाटाच्या खालच्या अंगाला,
जिथे फक्त जमीन बघते, एक लाल रेघ.
तेवीस माणसांना विचारलं.
तेवीसजणांनी एकच खण: फरक पडत नाही.
मी सांगितलं, रंग सोडला
तर आठवड्यातला एक दिवस सुटेल.
बाबांनी उरलेली एक आडोळी उलटी केली,
रेघेवरून ओला अंगठा फिरवला,
एका जागी ती जाड झाली होती तिथे थांबले.
फाइलीत चोविसावी ओळ रिकामी होती.
मी ती तशीच ठेवली.

चटई गुंडाळताना फिलोमेना बाय परत आली,
पिशवी छातीशी, धापा टाकत.
"टोपी कुठाय? दिलीच नाही!"
बाबांनी शर्टाच्या खिशातून काढून दिली.
तिने दातांवर दाबून बघितली
आणि बस सुटेल म्हणून तशीच पळाली.
बाबा सुतळीला गाठ मारत होते.
त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.