ताणा

रात्री दीड. केमिगिशा उशीवर गाल टेकवते, उचलते,
पुन्हा टेकवते.
अजमान, नुऐमिया, चौथा मजला, सहा पलंगांची खोली.
एसीची घरघर, आणि मधूनच तिचं बारीक "आयी".
तिच्या भाषेत त्याचा अर्थ काय, मी विचारलं नाही.

शुक्रवारी आठ तास एका खुर्चीत बसून आली होती.
एकशे तीस दिरहम, छत्तीस वेण्या,
उसाच्या सऱ्यांसारख्या कपाळापासून मानेपर्यंत.
चेहरा इतका ओढलेला की हसून झालं तरी
भुवया वरच अडकलेल्या.
सुंदर, मी म्हटलं होतं. खरंच होती.

आता मोबाइलचा दिवा धरला तर
कानाच्या वर, कपाळाच्या कडेला
राईएवढे पांढरे फोड,
जवळजवळ प्रत्येक वेणीच्या मुळाशी एक.

माझे वडील इचलकरंजीत मागावर होते.
ताणा बोटांनी दाबून बघायचे, नाडी बघावी तसा.
म्हणायचे, तुटलेल्या धाग्याचं सोपं असतं, कळतं तरी.
जो तुटत नाही आणि ताणतच राहतो
त्याच्यावर डोळा ठेव, अक्काताई.
मागालाही फणी असते, हे मी तिला सांगितलं
थोड्या हिंदीत, बाकी हातवाऱ्यांनी.
तिला वाटलं, माझे वडील न्हावी होते.

मग कंगव्याच्या शेपटीनं
कपाळाजवळच्या सात वेण्या सोडवायला घेतल्या.
"नको," ती म्हणाली, "एकशे तीस!"
"सातांचे पंचवीस होतात. बाकी राहतातच की डोक्यावर."
शुवैया, शुवैया, ती म्हणत राहिली,
आणि मी खरंच हळू, केसागणिक हळू.
खोटे केस माझ्या मांडीवर साठले, हलके,
गाठोडंभर आणि वजन काही नाही.
खाली तिचे स्वतःचे, आखूड, वळलेले,
गाढ झोपेतून उठवल्यासारखे.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इथे रात्रीही चटका देतं.
म्हणून फ्रीजमधली बाटली घेतली, रोवेनाचं नाव लिहिलेली,
आणि फडकं भिजवून फोडांवर ठेवलं.
फोडायचे नाहीत. खाजवायचं तर बोटाच्या पेरानं, नखानं नाही.
ती खोबरेल मागत होती, मी डबा पलंगाखाली सारला.
आमच्याकडे तेलाला नाही म्हणणं म्हणजे पाप,
पण सुजलेल्या मुळावर तेल थापलं की
आतलं आतच कोंडतं. हे मला इथेच कळलं,
माझ्याच डोक्यावर.
पू दिसला तर शनिवारी दवाखाना, विम्याचं कार्ड कपाटात आहे.
आणि पुढच्या वेळी ते खोटे केस आधी
व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून घे, बाई,
आणि वेण्या घालणारीला सांग, दुखतंय. तिथेच सांग.
घरी येऊन उशीला सांगू नकोस.

उशीवर माझा ब्लाउजपीस पसरला, सटिनचा,
कुणाच्या तरी ओटीभरणातला, कधी शिवलाच नाही.

आणि मग तिचं बोट माझ्या भांगावर आलं.
"अक्का, इथे रस्ता झालाय."
नऊ वर्षं घट्ट अंबाडा, जाळी, सहा पिना,
हॉटेलच्या नियमानं एक बट बाहेर नाही.
मी घरी फोनवर सांगते, कपाळ मोठं होतंय,
म्हणजे नशीबही होत असेल.
सासू हसते. मीही.
केमिगिशा हसली नाही. तिनं एकेक पीन काढली
आणि बोटं तशीच ठेवली, न चोळता,
जिथे दुखतं हे मला
आत्तापर्यंत माहीत नव्हतं.

साडेपाचला बस.
माझा अंबाडा आज मानेवर ढिला, दोनच पिनांचा.
मुकादमीण बघेल. बघू दे.
रोवेना फ्रीज उघडून विचारतेय, माझं पाणी कुणी प्यायलं?
मी ओठांवर बोट ठेवते.
केमिगिशाची आज दुपारपाळी.
झोपलीय, गाल पूर्ण टेकवून,
तोंड किंचित उघडं,
भुवया जागेवर.