चुन्याचे ओघळ

सातपूरहून निघालो तेव्हा रस्त्यावर
फक्त दूधवाले आणि आम्ही.
मागच्या सीटवर ऋता, गळ्यात मामाची जुनी दुर्बीण,
शेजारी अण्णा, कानटोपी, मफलर, हातात काठी.
"गिधाडं बघायला कोणी रजा काढतं का?"
महिरावणी येईपर्यंत हे तीनदा म्हणून झालं.
मग काच खाली करून
बाहेर बघत राहिले.

अंजनेरीच्या गेटवर हिरामण लिलके भेटला,
अंगात वनखात्याचं जाकीट, पायात साधी स्लिपर.
"पिशव्या पोटाशी धरा. माकडांना चेन उघडता येते."
त्याचं वाक्य संपायच्या आत
सुजयच्या हातातली केळी झाडावर गेली होती.

चढ. पायऱ्या. पुन्हा चढ.
वाळलेली कारवी अंगाला घासून खुळखुळते.
ऋताच्या वहीत आत्तापर्यंत
दोन बुलबुल, एक सरडा, एक "माहीत नाही",
आणि दगडावर वाळलेली बिबट्याची विष्ठा,
जी काडीने फोडून तिने आतले केस दाखवले
मी दशमी खात असताना.

अण्णा दर वीस पायऱ्यांना थांबतात.
धाप लागली असं म्हणत नाहीत,
"देखावा बघतो" म्हणतात
आणि डोळे मिटून घेतात.

पठाराच्या कडेला हिरामण पालथा झाला,
मागोमाग आम्हीही.
पोटाखालचा दगड अजून रात्रीइतका गार.
समोरच्या कड्यावर पांढरे ओघळ.
"इथे चुना कुणी लावला?"
"त्यांनीच," हिरामण म्हणाला. "ओघळ तिथं घर.
एका घरात एकच अंडं. वर्षाला एकच."

नऊच्या सुमारास ऊन कड्याला लागलं
आणि दगडाचा एक तुकडा सुटला,
पण खाली पडला नाही.
पंख हलवले नाहीत, घाई केली नाही,
हवेच्या जिन्यावरून वर, वर,
इतकं आमच्या बरोबरीला आलं
की मान दिसली, उघडी, सुरकुतलेली,
आणि पिसांतून वारा कापला गेल्याचा आवाज
ताडपत्री फाटावी तसा.
ऋता मोजायला विसरली.

"किती आहेत?" अण्णांनी विचारलं.
"या कड्यावर सात घरटी."
"हरसूलच्या माळावर एका बैलावर
साठ बघितलीत मी. तासाभरात सापळा,
धुऊन ठेवल्यासारखा."
"मग ती कुठे गेली, आजोबा?"

एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक.
राजदूतच्या मागे बर्फाचा डबा, सुया उकळायचं पातेलं.
लंगडा बैल, सुजलेली कास, ताप,
एक इंजेक्शन, आणि जनावर संध्याकाळी उभं.
लोक अंडी द्यायचे, नागलीचे पापड द्यायचे,
म्हणायचे, अण्णासाहेबांच्या हाताला गुण आहे.
जे उभं राहायचं नाही
ते माळावर ओढून टाकायचे,
आतल्या औषधासकट.
पुढे सरकारी पत्रक आलं. ते मीच वाचून दाखवलं,
त्यांना चष्मा सापडत नव्हता म्हणून.
उरलेले खोके त्यांनी परसात खड्डा करून पुरले
आणि त्या जागी आईला
साधी कोथिंबीरही लावू दिली नाही.

"आजोबा?"
"बघतोय ना," ते म्हणाले,
तिच्या डोळ्यांना जुळवलेली दुर्बीण
तशीच स्वतःच्या डोळ्यांना लावून,
चाक न फिरवता.

उतरताना गुडघ्याने दगा दिला.
सुजयने सॅकमधून मलमाची ट्यूब काढली.
अण्णांनी ती हातभर लांब धरली,
पाठीवरचं बारीक नाव वाचलं,
झाकण पुन्हा घट्ट केलं.
"राहू दे. आमची ओळख आहे."

शेवटच्या पायऱ्या ते खेकड्यासारखे आडवे उतरले,
एक हात काठीवर, एक ऋताच्या डोक्यावर.
आम्ही गाडीत बसलो तरी ते येईनात.
गेटपाशी हिरामणला बाजूला घेऊन विचारत होते,
फेब्रुवारीत पिल्लं दिसतील का,
आणि वर जायला
जरा कमी पायऱ्यांची वाट आहे का कुठे.