रंगीत तालीम

कुताईसीच्या नाटकघरात झुराब म्हणतो,
हस. आता रड. आता उन्हाकडे बघितल्यासारखे डोळे कर.
मी नवं काही काढत नाही, पोरी,
पडायच्याच आहेत त्या घड्या,
मी फक्त आधी गिरवतो.

अक्रोडाच्या सालीचा रंग, कापूस, डिंक.
तेविसाव्या वर्षी माझी हनुवटी ढळली,
गळा कोंबडीसारखा लोंबला.
मी खो खो हसले, तर आरशातली तीही हसली,
ओठाचा डावा कोपरा जरा वर ओढून,
आणि माझं हसू तिथंच थबकलं.

आई गेली एकेचाळिसाव्या वर्षी.
एकच पांढरा केस होता तिला,
तोही मीच उपटला होता, खिडकीत,
चिमट्याने.

कोल्ड क्रीमचं झाकण उघडलं, परत लावलं.
झुराब काही बोलला नाही.
डोक्याला रुमाल बांधून तशीच निघाले.
शेवटच्या मिनीबसच्या पायऱ्या
मुद्दाम सावकाश चढले. दुसरी पायरी मुद्दाम नव्हती.

एक पोरगा उठला, हातात चिखलाचे फुटबॉलचे बूट.
"बसा ना, आजी."
नको म्हणणारच होते,
रिओनीच्या पुलावर गाडी हिंदकळली
आणि बसले.
तिच्या वाट्याची जागा होती.