डाव्या कानाचं

पुंगळ्या येतात गोणीतून,
भंगाराच्या लिलावातून, किलोच्या भावानं.
सरावाच्या मैदानावर झडलेल्या, कुणाच्याच नसलेल्या.
मी त्या चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवते,
आमच्या तांबट आळीत बंब उजळायचे तशाच.
सकाळी पाणी काळं, पितळ लाजल्यासारखं पिवळं.

हवालदार लहानू ठुबे, पारनेरकडचे,
खडकीहून येतात तीनचाकी स्कूटरवर.
कंबरेखालचं सगळं एका जुलैत बर्फावर राहिलं,
डावा कान त्याच सकाळी गेला.
सांगतात असं, की जणू एसटी चुकली होती.

मी ऐरण खाली घेतली, त्यांच्या खुर्चीला जमेल इतकी.
त्यांनी हातोडी मागितली, मी कानस दिली.
त्यांनी पुन्हा हातोडीच मागितली.
पहिला ठोका पडला
तेव्हा त्यांचे डोळे घट्ट मिटलेले,
आणि मी उगाच भट्टी फुंकत राहिले.

आता मठार त्यांचाच. एका पुंगळीत दोन झुमके,
बुडाच्या चकतीची चमकी.
साडेतीनशेला जोड. त्यातले दोनशे वहीत:
पाण्याची गादी, लघवीच्या नळ्या,
खुर्चीचं बेअरिंग, शेवाळेच्या मुलीची फी.
वहीतलं अक्षर त्यांचं. आकडे अटेन्शनमध्ये उभे.

प्रत्येक जोड डबीत जाण्याआधी
ते डाव्या कानाशी धरून हलवतात.
त्या कानाशी, जो नाही.
थांबतात. मान हलवतात. "पास."
मी एकदा विचारलं, तर म्हणाले,
"इथं वाजलं, तर विकायचं नाही."

कर्वे रोडच्या हॉलात प्रदर्शन.
एक बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
"म्हणजे पितळच ना?"
"पितळच," ठुबे म्हणाले, "आमचं पहिल्यापासून उघडंच आहे."
त्यांनी दोन जोड घेतले. पिशवी स्वतःची आणली होती.
मग एक मुलगा, कॉलेजातला, हळूच:
"काका, यातली कुणाला लागलेली असेल?"
मला वाटलं, आता हे उठून जातील,
आणि मग आठवलं.
"लागते ती पुढे जाते, बाळ.
ही मागे राहते. पुंगळी.
आमच्यासारखी."

डबीत ठेवायला कार्ड छापलं होतं माझ्या भाचीनं,
कबूतर, चोचीत डहाळी, खाली 'शांततेसाठी'.
ठुब्यांनी कबुतरावर काट मारली.
"चौकीवर कबुतरं होती की.
ती रोज होती. त्या दिवशीही होती."
मग शांतता म्हणजे काय काढायचं, भाचीनं विचारलं.
बराच वेळ ते हातातली कानस पुसत राहिले.
"पहाटे चारला सेट चालू असतो,
आणि त्यावर कुणीच काही बोलत नाही.
तेवढंच. ते काढता येतंय का बघ."
कार्ड कोरंच जातं आता.
लोकांना वाटतं, छापायचं राहिलं.

परवा बिबवेवाडीतून फोन आला.
लक्ष्मी रोडच्या गर्दीत एक झुमका पडला,
एकच करून मिळेल का? पैसे जोडीचे देते.
मी म्हटलं, मिळेल.
ठुबे म्हणाले, "विचार, कुठल्या कानाचं?"
झुमक्याला कुठला आलाय डावा-उजवा!
तरी विचारलं.
डाव्या.

अख्खी दुपार गेली त्या एकावर.
बाहेर कुणीतरी पातेल्याला कल्हई लावत होतं,
नवसागराचा धूर आमच्या दारापर्यंत.
त्यांनी झुमका उचलला, कानाशी धरला,
हलवला.
थांबले. पुन्हा हलवला.
मी डबी उघडून उभी.

"हे वाजतंय," ते म्हणाले. "परत घास."

मी घेतलं. उजेडात धरून पाहिलं.
घासण्यासारखं काहीच नव्हतं त्यात.
मग कानस उचलली
आणि अंधार पडेपर्यंत, अगदी हलक्या हातानं,
घासत बसले.